भिंतीपलीकडचे उंदीर

माझ्या मांजरीला चुलत दिरानं मारलं. चुकून मेली असं सगळे म्हणतात, मी म्हणत नाही. टेंभुर्णीत आमची दोन घरं, मधे एकच भिंत. भाव वाढेल या आशेवर लोक सोयाबीन घरातच ठेवतात, तशी त्याच्याही पुढच्या खोलीत पोत्यांची थप्पी होती, आणि पोती म्हटली की उंदीर आलेच. मी आधीच सांगितलं होतं, औषध ठेवू नका, माझी मांजर तुमच्याकडे येते, ती बघून घेईल. त्यानं मान डोलावली आणि कणकेत गूळ घालून औषधाच्या गोळ्या ठेवल्या. गोळी उंदरानं खाल्ली, उंदीर मांजरीनं खाल्ला. सकाळी ती माझ्या चुलीमागं ताठ झालेली सापडली आणि तिचं एकुलतं पिल्लू तिला ढुशा देत होतं.

दीर म्हणाला, "वैनी, म्या काय मांजरीसाठी ठेवल्तं का?"

याच्या उंबऱ्यावर पुन्हा पाय ठेवायचा नाही आणि याची फजिती डोळ्यांनी बघायची, एवढं मी त्याच वेळी ठरवलं.

मुलीच्या पुस्तकात अन्नसाखळीचं चित्र आहे. खाली दाणा, त्यावर उंदीर, मग साप, सगळ्यांत वर घार. तिचा अभ्यास घेताना मी मनातल्या मनात दिराला उंदराच्याही खाली बसवायचे.

मला बोटही उचलावं लागलं नाही. वाचलेले उंदीर शहाणे झाले, गोळ्यांना तोंड लावेनात. त्यांची पिलावळ वाढली, पोती कुरतडली गेली, खोलीभर सोयाबीन सांडलं. उन्हाळ्यात उंदरांच्या वासावर धामण आली आणि थप्पीखालीच राहिली. धामण विषारी नसते हे दिराला चांगलं ठाऊक, तरी त्यानं बाज अंगणात काढली. जाऊ काठी आपटल्याशिवाय त्या खोलीत जाईना. करावं तसं भरावं. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

पिल्लू एव्हाना आईसारखंच तयार झालं होतं. एक दिवस दीर भिंतीशी आला.

"वैनी, थोडे दिस मांजर द्या न. उंदरायनं नुस्ता वैताग आणलाय."

"औषध ठेवा की. तुमचं औषध लई गुणाचं."

"कोणी तोंड लावून न्हाई राह्यलं त्याला."

"मंग धामण आहेच."

तो खाली मान घालून परत गेला. मी मांजर घरात कोंडलं आणि दूधभाकरी, वर साय, असे त्याचे लाड सुरू केले.

मग एका सकाळी पाणी भरताना दार उघडं राहिलं. मांजर भिंतीवर चढलं आणि पलीकडे उतरलं. थोड्या वेळानं तोंडात गलेलठ्ठ उंदीर घेऊन वर आलं आणि तिथंच बसून खाऊ लागलं. मी वाटीत दूध घेऊन हाका मारत होते, त्यानं बघितलंसुद्धा नाही. माझ्या झाडूनपुसून ठेवलेल्या घरात त्याच्या कामाचं काही नव्हतं, आणि माझ्या वैराशी त्याला देणंघेणं नव्हतं.

आता रोज सकाळी नाक मुठीत धरून मी त्याच उंबऱ्यावर उभी राहते. जाऊ चहा विचारते, मी घेत नाही.

"भावजी, औषध न्हाई न ठेवलं?"

"न्हाई, वैनी."

मांजर संध्याकाळी घरी परतेपर्यंत मला दिराचंच खरं मानावं लागतं.