जांभळी जीभ आणि चिनी सुया

चिनी सुया टोचून घ्यायला जाताना पोटभर जेवून जावं. ही गोष्ट मला माहीत होती. सुनेनं मोठ्यानं वाचून दाखवली होती. तरी मी उपाशी गेले, कारण मी वैदूची मुलगी आहे आणि मला सगळं आधीच कळतं.

आधी गुडघ्याचं सांगते. माझा उजवा गुडघा बसला की उठत नव्हता आणि उठला की बसत नव्हता. (घरात असा एक जण आधीच होता, आमचा म्हातारा. दुसऱ्याची गरज नव्हती.) एरवी मी गुडघ्याला विचारलंही नसतं, पण रोवणी पंधरा दिवसांवर आली होती. आमच्या सावली गावाकडं धानाची शेती. रोवणीला बाया ओळीनं वाकून धान लावत मागं मागं सरकतात. धुऱ्याला, म्हणजे शेताच्या बांधाला, लागून पहिली पात जी धरते, तिच्या चालीनं बाकीच्यांनी चालायचं, तिनं गाणं उचललं की बाकीच्यांनी ओढायचं. लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या वर्षापासून पहिली पात माझी. आणि तितकीच वर्षं माझी धाकटी जाऊ सेवंता माझ्या शेजारच्या पातीवरून माझ्या पायांकडं बघत होती.

एके दिवशी ती वाटीभर भाजी घेऊन आली. सेवंता फुकट भाजी आणते तेव्हा समजायचं, काहीतरी न्यायला आली आहे.

"बाई, यंदा तुमी आराम करा. पहिली पात मी धरीन."

"काऊन? मी मेली का?"

"तसं नाई वो बाई! तुमचा गुडघा दुखून राह्यला ना..."

"गुडघा माहा हाय. दुखून तुले काऊन राह्यला?"

ती गेली. भाजी ठेवून गेली. भाजी चांगली होती, त्यामुळं मला जास्तच राग आला.

माझी सून रंजू हे सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "आई, चंद्रपुरात एक डॉक्टरीण बाई हाय. चिनी सुया टोचते, चिनी झाडपाला देते. माह्या मावशीची कंबर बरी हाय तिच्यानं. नेतो तुमाले."

म्हातारा खाटेवरून म्हणाला, "ने, ने! जिभेले एखादी सुई टोचते का, तेबी विचार."

रंजूनं फोन लावून दिवस ठरवला. थोड्या वेळात तिच्या मोबाईलवर नव्या पेशंटसाठी सूचना आल्या. तिनं त्या वाचल्या. दोन तास आधी जेवून या. ढिले कपडे घाला. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सोबत आणा. सुई टोचल्यावर काय वाटतं ते सांगत राहा. एकाच खेपेत बरं होण्याची आशा ठेवू नका.

मी म्हटलं, "वाचणं झालं असल तर भाकरी टाक. औषध कसं घ्याव ते मले शिकवतं का? माहा बा कोण होता, माहीत हाय का तुले?"

तिला माहीत होतं. आमच्या घरात भांड्यांनाही माहीत होतं, इतक्यांदा मी सांगितलं आहे.

माझं माहेर नदीच्या पलीकडं, गडचिरोलीच्या जंगलात. बा शाळेची पायरी चढला नव्हता, पण चार कोसांवरून माणसं त्याच्याकडं मुळी न्यायला येत. त्याचे नियम कडक. औषधाला उपाशीपोटी यायचं. दुसरं कुठलंही औषध पोटात नको. घरून निघाल्यापासून परत उंबऱ्यात पाय टाकेपर्यंत मुकं राहायचं आणि मागं वळून बघायचं नाही. बोललं की जडी उतरते, तिचा गुण जातो, असं बा म्हणायचा. मी आठ-नऊ वर्षांची, त्याची झोळी धरायचे आणि पेशंटवर नजर ठेवायचे. एकदा एक धडधाकट माणूस मुळी घेऊन निघाला, नाल्यात घसरला आणि "अगा मायवं!" म्हणाला. मी पळत जाऊन बाला सांगितलं. बानं त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं. तो माणूस मग जन्मभर माझ्याकडं रागानं बघायचा. मला त्याचा फार अभिमान वाटायचा!

तर चंद्रपूरला निघाले ती बाच्या नियमानं. सकाळपासून अन्नाचा कण नाही. रक्तदाबाची गोळी डब्यातच ठेवली. घराचा उंबरा ओलांडला आणि तोंड बंद.

बसमध्ये रंजू म्हणाली, "आई, बोलत काऊन नाई तुमी? भेव लागलं का?"

मी मान हलवून नाही म्हटलं. (लागलं होतं.)

वाटेत मूल गावच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा एक बाई पळसाच्या द्रोणात जांभळं विकत होती. रंजूनं दोन द्रोण घेतले. जांभळं म्हणजे काही जेवण नव्हे, असं मी मनात ठरवलं. बा असता तर त्यानंही तेच ठरवलं असतं, जांभळं त्याला फार आवडायची. एक द्रोण मी संपवला, एक रंजूनं.

डॉक्टरीण बाई माझ्या नातीच्या वयाची निघाली. रंजूला तिनं बाहेर बसवलं आणि मला विचारलं, "आजी, जेवून आलात ना?"

मी मान डोलावली.

"कुठल्या गोळ्या चालू आहेत?"

मी मान हलवली.

मग तिनं माझा हात घेऊन मनगटावर तीन बोटं ठेवली आणि डोळे मिटले. बा अगदी असाच धरायचा! तीन बोटं, डोळे मिटलेले, आणि मान जरा वाकडी. मला वाटलं, पोरगी लहान आहे पण कामाची आहे. आता काही झालं तरी नियम मोडायचा नाही.

"जीभ दाखवा."

मी जीभ काढली. डॉक्टरीण बाई खुर्चीतून अर्धी उठली.

"अरे बाप रे! आजी, किती दिवसांपासून अशी आहे?"

मी काय सांगणार? मुकी होते! दोन बोटं दाखवली, म्हणजे मूलपासून दोन तास. ती म्हणाली, "दोन महिने? आणि कोणाला दाखवली नाही?" तिच्या शास्त्रात जीभ बघून रोग ओळखतात म्हणे, आणि जांभळी जीभ म्हणजे रक्त नीट फिरत नाही. माझी जीभ तर वांग्यासारखी! तिनं आधी गुडघ्याला लावायच्या तेवढ्याच सुया काढल्या होत्या. आता आणखी एक पाकीट फोडलं.

सुया दुखत नाहीत, हे खरं सांगते. केसाएवढ्या बारीक असतात. मुंगी चालल्यासारखं वाटतं, मग ती जागा जड होते. गुडघ्याभोवती, घोट्यांवर, अंगठ्याजवळ, आणि एक तर टाळूवर. "वीस मिनिटं शांत पडून राहा," ती म्हणाली. "गरगरल्यासारखं वाटलं तर लगेच आवाज द्या. मी पडद्यापलीकडंच आहे."

पाच मिनिटांत गरगरायला लागलं. पोटात जांभळांशिवाय काही नव्हतं आणि कपाळावर घाम फुटला. आवाज द्यावा तर जडी उतरणार, गुडघा तसाच राहणार, आणि पहिली पात सेवंताच्या घशात जाणार! मी विचार केला, बोलायचं नाही ना, मग उठून जाऊन खुणेनं सांगू. उठून बसले. समोर आरसा होता. आरशात एक साळू बसली होती, साडी नेसलेली, टाळूपासून पायापर्यंत काटे उभे. एवढं बघितलं आणि मी आडवी झाले.

डोळे उघडले तेव्हा सगळ्या सुया काढलेल्या, पाय उशीवर, तोंडाला साखरेचं पाणी. रंजू माझा हात धरून हुंदके देत होती.

"आजी, बरं वाटतंय का? काहीतरी बोला!"

मी गप्प. घर अजून लांब होतं.

"आजी, नाव सांगा तुमचं."

मी गप्प.

"वाचा गेली!" रंजू किंचाळली. "लकवा मारला माह्या सासूले!"

डॉक्टरीण बाई घाबरली नाही, पण तिचा आवाज घाईचा झाला. तिनं हात वर करायला लावले. मी केले. हसायला लावलं. अशा वेळी हसू कसं येणार? तोंड वाकडंच झालं! "मोठ्या दवाखान्यात न्यायला हवं, आत्ताच," ती म्हणाली आणि गाडीसाठी फोन फिरवू लागली. तेवढ्यात रंजूनं रडायला तोंड उघडलं आणि डॉक्टरीण बाईचा हात फोनवरच थांबला.

"अहो... तुमचीही जीभ जांभळी?"

रंजूनं आरशात जीभ बघितली आणि ती आणखी मोठ्यानं रडायला लागली. "आमाले दोघींलेबी झालं वो! घरातलं पाणी खराब हाय का काय!" (आपण जांभळं खाल्ली हे तिच्या डोक्यातून साफ गेलं होतं. माझ्या डोक्यात होतं, पण मी नियमानं बांधलेली होते.)

तिनं म्हाताऱ्याला फोन लावला. "मामाजी! आईची वाचा गेली! बोलूनच नाई राह्यल्या!"

फोन मोठ्या आवाजावर होता. पलीकडं खाट करकरली. मग म्हातारा म्हणाला, "कोणाची वाचा गेली? तिची? खोटं हाय. लाव तिच्या कानाले."

रंजूनं लावला.

"ऐकून राह्यली का वं?" म्हातारा म्हणाला. "आता सेवंता येऊन गेली. तिनं बाया ठरवल्या. पहिली पात तिची. तुले धुऱ्यावर बसवते म्हणे, बायायले पाणी पाजायले. मी हो म्हटलं."

"तुमी कोण होता हो म्हणणारे!" मी अशी ओरडले की पडदा हलला. "पहिली पात तिले काय तिच्या बापानं दिली का? वाकून मरून जाईन, पण धुऱ्यावर बसणार नाई! आन् तू रडणं बंद कर वं रंजू, जांभळं खाल्ली आपण मूलले, जांभळं!"

फोनमधून म्हातारा म्हणाला, "आली वाचा," आणि त्यानं फोन ठेवला. सेवंता त्या दिवशी आमच्याकडं फिरकलीही नव्हती.

डॉक्टरीण बाई स्टुलावर बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. हसून झाल्यावर मात्र तिनं माझी अशी खरडपट्टी काढली की मास्तरांनी चौथीपर्यंत काढली नव्हती. उपाशी आलात, रक्तदाबाची गोळी सोडलीत, खोटं सांगितलंत. चिनी झाडपाल्याची पुडी तिनं दिलीच नाही. "आधी सगळ्या गोळ्या आणून दाखवा. एका औषधाचं दुसऱ्याशी पटत नसेल तर त्रास तुम्हाला होईल. आणि आजी, काय होतंय ते तुम्ही बोलला नाहीत तर मला कसं कळणार? माझं निम्मं औषध तुमच्या तोंडात आहे."

मी म्हटलं, "माह्या बाचं निम्मं औषध तोंड बंद ठेवण्यात होतं."

तिनं विचारलं, "का हो? का बंद ठेवायला लावायचे?"

एवढी वर्षं बाची झोळी धरली, पण हे त्याला कधी विचारलंच नाही. परतीच्या बसमध्ये मी बोलायला मोकळी होते, तरी सावली येईपर्यंत विचारच करत होते. बोलणारा माणूस वाटेत भेटेल त्याला दुखणं सांगतो. चार जण चार औषधं सांगतात, आणि तो चारही घेतो. बाला तेच नको असेल. म्हणजे बा आणि ही पोरगी एकच गोष्ट सांगत होते, आणि मी दोघांचंही ऐकलं नाही.

पुढच्या खेपेला जेवून गेले. गोळ्यांचा डबा नेला. तोंड तर इतकं चालू ठेवलं की ती म्हणाली, "आजी, सुई लावताना जरा थांबा." गोळ्या बघून, विचार करून तिनं पुडी दिली. मातीच्या गाडग्यात उकळायला सांगितली. घरी पुडी सोडली आणि सुंठ, दालचिनी, ज्येष्ठमध आणि कसल्याशा ओल्या सालीचा वास आला. बाच्या झोळीचा वास. मी गाडगं चुलीवर ठेवलं आणि बराच वेळ तिथंच बसले.

म्हातारा नाक धरून म्हणाला, "चीनवाल्यायनं तुह्या बाची झोळी चोरली का काय वं?"

काढा चवीला भयंकर होता. बाचाही असायचा.

गुडघा नवा झाला नाही. डॉक्टरीण बाईनं तसं पहिल्यांदाच सांगितलं होतं. पण दुखणं निम्म्यावर आलं, आणि त्या वर्षी पहिली पात मीच धरली. दुपारपर्यंत. दुपारी गुडघ्यानं सांगितलं की आता पुरे, आणि मी सेवंताला म्हटलं, "धर." ती सरकून माझ्या जागी आली. मी धुऱ्यावर बसले आणि बायांना पाणी पाजलं. म्हातारा धानाच्या बांधीच्या पलीकडून बघत होता. हसला नाही. एवढं एक बरं केलं त्यानं.

म्हातारा आता नाही. सकाळी चहा पिऊन गेला, कोणाला त्रास दिला नाही. आता मी गप्प बसले तर मला बोलतं करणारं कोणी नाही, म्हणून मी गप्प बसत नाही.

गेल्या महिन्यात सेवंताचा खांदा धरला. (आता पहिली पात तिची. ती काय फुकट मिळते?) तिला मीच चंद्रपूरला पाठवलं. ती परत आली ती एक छापील कागद घेऊन. नव्या पेशंटना देतात तो.

"बाई, चष्मा नाई का? मी वाचतो," ती म्हणाली आणि अंगणात उभी राहून, गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात वाचू लागली. जेवून या. ढिले कपडे घाला. गोळ्या आणा. आणि अगदी शेवटी दोन नव्या ओळी. येताना जांभळं खाऊ नयेत. डॉक्टरांशी मुकं राहू नये.

सेवंता माझ्याकडं बघत राहिली. मीही मान ताठ करून तिच्याकडं बघितलं.

माझ्या बानं जन्मभर नियम सांगितले, त्यातला एकही कागदावर आला नाही. त्याची मुलगी चौथी शिकली आणि तिचे दोन नियम छापून आले. फक्त दोन्ही उलटे!