रागिणीच्या बोटाला बसलेला चटका

माझी धाकटी बहीण रागिणी उपग्रहांसाठी सर्किटं तयार करते. अकोटच्या मराठी शाळेत शिकली, अमरावतीत इंजिनीअर झाली, काही वर्षं बंगळूरला राहून आली. आता माझ्याकडे राहते आणि नांदगाव पेठेतल्या एका छोट्या कारखान्यात जाते. उन्हापासून मिळणारी वीज उपग्रहातल्या कोणत्या यंत्राला किती द्यायची, ते तिचं कार्ड, म्हणजे सर्किटची छोटी पाटी, ठरवते. कार्ड मेलं की उपग्रह मेला. वर जाऊन दुरुस्त कोण करणार?

मे महिन्यात कारखान्याचं पहिलंच कार्ड तयार झालं. आपल्याकडे ट्रॅक्टर घेतला तरी नारळ फोडतात, तशी ते उपग्रह बनवणाऱ्या कंपनीकडे पाठवण्याआधी पूजा ठेवली होती. रागिणी जरीकाठाची नायलॉन साडी नेसून गेली. कामाच्या वेळी मनगटाला पट्टा बांधतात, त्याच्या तारेतून अंगावर साचलेली वीज जमिनीत जाते. आरतीसाठी तिनं तो काढला. ओलावा नको म्हणून तिथं कूलर लावत नाहीत, हवा अगदी कोरडी. आरती झाली आणि तिनं पट्टा न बांधताच कार्ड उचलून डब्यात ठेवलं. बोटाला चट्‌कन चटका बसला; नायलॉनमुळं अंगावर साचलेली वीज कार्डात उतरली होती.

घरी आली ती पांढरीफटक होऊन.

"काय झालं वं?"

"ताई, मले लय भेव लागून राहिलं."

तिनं कार्ड पुन्हा तपासलं होतं, व्यवस्थित चालत होतं. चटका कोणाला दिसलाही नव्हता.

"मंग चालू हाये ना! कावून रडून राहिली?"

"आज चालू हाये. आतून जयलं असंन तं वर गेल्यावर मरंन. इथं तपासून ते दिसत नाई."

"आन सांगतलं तं?"

"दुसरं बनवाले टाइम लागते. ते उपग्रहवाले थांबतीन का आपल्यासाठी? दुसऱ्या कोणाचं कार्ड लावतीन."

मी देवापुढं दिवा लावत होते. हिला बुद्धी दे, एवढंच म्हटलं.

शेवटी तिनं मालकांना, ललित सरांना, फोन लावला. मलाही ऐकू यावं म्हणून स्पीकरवर ठेवला.

"सर, ते कार्ड पाठवू नका."

"अवो मॅडम, पॅक झालं ते! पूजा बी झाली!"

"पूजेतच झालं सर." तिनं सगळं सांगितलं.

सरांनी एवढंच विचारलं:

"कोणी पाह्यलं होतं?"

"नाई."

"मंग सांगतलं कावून?"

उत्तराची वाट न पाहता सरच म्हणाले, "बरं. खोला ते उद्या. दुसऱ्याले हात लावा. पण उपग्रहवाले थांबतीन असं समजू नका."

मला वाटलं, आता तरी तिची छाती हलकी होईल. पण ती माझ्याकडं बघून म्हणाली, "ताई, दुसरं उचलतानी बी असंच झालं तं?"

मी ताट वाढलं. ती हात धुऊन आली आणि घास न घेता चटका बसलेल्या बोटाकडं बघत राहिली.