मुहूर्ताचा कम्प्युटर

असोद्याचे भूपेंद्र भोळे. घरचे सगळे केळीच्या मळ्यात राबायचे आणि हा बाबा मात्र रोज सकाळी मोटरसायकलला टांग मारून जळगावात. दाणाबाजारात त्यांना भूपेंद्रभाऊ म्हणत, आणि बाजारात निम्म्या पेढ्यांवरचे कम्प्युटर त्यांच्या हातचे. सुटे भाग आणायचे, डब्यात बसवायचे, तारा अशा बांधायच्या की झाकण उघडल्यावर माणूस बघत राहावा. कुणी कंपनीचं तयार मशीन घेतो म्हटलं की भाऊंचं डोकंच फिरायचं. त्या बंद डब्यात काय भरलंय ते देव जाणे, असं म्हणून ते समोरच्याला इतकं पिडायचे की सुटका व्हावी म्हणून का होईना, तो भाऊंकडूनच मशीन जोडून घ्यायचा.

दीपचंदशेठची डाळीची पेढी म्हणजे तर भाऊंचं माहेरच. शेठचं घराणं मूळ मारवाडातलं, जैन, पण पिढ्यान्‌पिढ्या इथलंच होऊन गेलेलं. पूर्वी लक्ष्मीपूजनाला पेढीवर लाल वह्यांची पूजा व्हायची. हिशोब कम्प्युटरवर आला तशी पूजाही त्याचीच सुरू झाली. डब्यावर कुंकवाचं स्वस्तिक, पुढे ताट, आणि मुहूर्ताला पडद्यावर पहिलं अक्षर उमटायचं ते श्री. मशीन बदलायचं ते दिवाळीतच आणि जोडायचं ते भूपेंद्रभाऊंनीच. शेठकडे यंदा काय बसवलं ते बघून मग बाकीचा बाजार भाऊंना गाठायचा.

पण वर्षभरापासून भाऊंचा उजवा हात कापायला लागला होता. चहाची कपबशी वाजायची. डॉक्टरांनी दुखण्याचं नाव सांगितलं, ते भाऊंनी बायकोशिवाय, दिपमालाशिवाय कुणाला कळू दिलं नाही. तरी शेठच्या मुलानं, अखिलनं, हेरलंच. काका, यंदा तयार मशीन मागवू, तुम्ही कशाला त्रास घेता, असं तो अगदी गोड बोलला. भाऊंना ते फार लागलं. ते सरळ दीपचंदशेठसमोर जाऊन बसले आणि एवढी दिवाळी माझ्या हातची होऊ द्या, म्हणाले. शेठ भला माणूस, त्यांना नाही म्हणवेना. आता मशीन नीट चाललं तर भाऊंचं नाव राहणार होतं, आणि अडलं तर हात गेला म्हणून बाजारभर बोभाटा होणार होता.

धनत्रयोदशीला भाऊंनी मशीन जोडलं. प्रोसेसरवरच्या पंख्याची बारकीशी पिन काही केल्या बसेना. शेवटी डाव्या हातानं उजवं मनगट धरून ती बसवली. पेढीवर नेऊन चालवून दाखवलं, झकास चाललं. त्या रात्री कितीतरी दिवसांनी भाऊ पोटभर जेवले.

आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी अखिलचा फोन आला. मशीन सुरू होतंय, पडदा उजळतोय आणि लगेच बंद पडतंय. मुहूर्त संध्याकाळचा. अंगातला सदरा न बदलताच ते निघाले.

पेढीवर लेकी-सुना नटून जमल्या होत्या. पूजेचं ताट तयार होतं. सणाच्या दिवशी हा कसला अपशकुन, असं शेठ पुटपुटत होते. भाऊंनी खाली बसून डबा उघडला. आधी वीज तपासली. मग रॅम काढली, खोडरबरानं पुसली, परत बसवली. मग सप्लायच्या तारा चाचपल्या. खरं तर सुरू होऊन बंद पडतंय म्हणजे मशीन तापतंय, आधी पंखा बघायचा, हे त्यांना झोपेतही ठाऊक होतं. पण तीच ती पिन! ती आपल्याच हातून ढिली राहिली असणार या धास्तीनं ते डब्यात जणू गावभर हिंडत होते आणि नेमकं पंख्याच्या घराकडे जात नव्हते. अखिल मागे उभा राहून मशीनकडे नाही, त्यांच्या हाताकडे बघत होता.

शेवटी भाऊंनी धीर करून पंख्यावर बॅटरी मारली. पिन घट्ट होती. अगदी जशी बसवली तशी. भाऊंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. हात कापत होता, पण काम चुकलं नव्हतं. पंखा अडला होता तो तांदळाच्या दाण्यांनी. कुंकवात भिजलेल्या अक्षता डब्याच्या वरच्या जाळीतून आत पडल्या होत्या आणि पात्याच्या कडेला घट्ट चिकटल्या होत्या.

पण पूजा तर अजून व्हायचीच होती. मग अक्षता टाकल्या कुणी? भाऊंनी मान वर केली. आतल्या दारात शेठची आई, झमकूबाई, उभी होती. ऐन तारुण्यात नवरा गेला, तेव्हापासून दिवाळीच्या ताटाला तिनं बोट लावलेलं नव्हतं. विधवेचा हात मुहूर्ताला नको, ही त्या घरची जुनी रीत. दरवर्षी ती उंबऱ्याच्या आत उभी राहून पूजा बघायची, भाऊ इतकी वर्षं तेच बघत आले होते. आज तिच्या उजव्या हाताची बोटं लाल होती आणि ती पदरानं नुसती पुसत सुटली होती. दुपारी पेढीवर कुणी नसताना म्हातारीनं इतक्या वर्षांत एकदा लक्ष्मीची पूजा करून घेतली होती. त्यानंतर मशीन बंद पडलं, आणि ते आपल्याच हाताचं पाप असं ती धरून बसली होती. तोंड एवढंसं झालं होतं तिचं.

भाऊंनी चिमट्यानं दाणे काढून मुठीत घेतले. मूठ उघडून दाखवली असती की झालं, अखिलचं तोंड बंद आणि भाऊंचं नाव शाबूत. तेवढ्यात अखिलनं विचारलंच, काय होतं म्हणून.

"पंख्याची पिन ढिली राहिली होती," भाऊ म्हणाले. "माझ्याच हातून."

अखिलनं वडलांकडे पाहिलं. मशीन सुरू झालं, मुहूर्त साधला, पडद्यावर श्री उमटलं. दीपचंदशेठनी भाऊंच्या हातावर पेढा ठेवला, पाठीवरून हात फिरवला आणि आता आराम करा, पुढच्या दिवाळीला नुसतं प्रसादाला या, म्हणाले. शेठ मनापासून बोलले, म्हणून भाऊंना ते जास्तच जड गेलं.

भाऊ निघाले तशी झमकूबाई भिंत धरत धरत मागच्या दारानं त्यांच्यापर्यंत आली. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाली, "भूपेंद्र, खरं सांग बेटा. माझ्या हातानं तर नाही ना बिघडलं?"

"नाही बाईजी. तुमच्या हाताला काय झालंय? हात माझा गेलाय."

म्हातारीचा चेहरा केवढा खुलला. तिनं देवाला हात जोडले, भाऊंच्या डोक्यावरून बोटं फिरवली. मग तिला त्यांची काळजी वाटली.

"मग बेटा, आता सोड हे काम," ती मायेनं म्हणाली. "लोकांच्या मुहूर्ताला खोटी होते, खोळंबा होतो."

"सोडलं, बाईजी," भाऊ म्हणाले.

बाहेर येऊन ते मोटरसायकलजवळ उभे राहिले आणि हमसून हमसून रडले. बाजारात फटाके चालू होते, कुणाला ऐकू गेलं नाही.