आपत्ती आमंत्रित आहेत

आमच्या गल्लीतल्या विजेच्या खांबावर नोटीस चिकटवली गेली, तेव्हा मी कामावर होते. आईने ती वाचली, दिवसभर मनात घोळवली आणि संध्याकाळी मी दारात चप्पल काढते न काढते तोच विचारलं, "काय गं, आपत्तींना कुणी आमंत्रण देतं का?"

मेट्रो स्टेशनपासून घरापर्यंत चालत आले होते, ई-रिक्षा मिळाली नव्हती. अशा वेळी माझ्याशी बोलू नये, हे आईला ठाऊक आहे. तरीही तिने विचारलं, म्हणजे गोष्ट गंभीर होती.

"खांबावर लिहिलंय. आपत्तियाँ आमंत्रित. खाली सरकारी शिक्का आहे. शिवाय यातायात होईल असंही म्हटलंय. होणारच की, आपत्तींना बोलावल्यावर!"

मी तशीच परत जाऊन नोटीस वाचली. जयपूरमधल्या मानसरोवरच्या आमच्या भागातून गॅसची पाइपलाइन जायची होती. तिचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अहवाल वॉर्डाच्या कार्यालयात ठेवला होता, आणि लोकांकडून आपत्तियाँ एवं सुझाव मागवले होते. जनसुनवाई रविवारी, सामुदायिक भवनात. हिंदीत आपत्ति म्हणजे हरकत आणि यातायात म्हणजे रहदारी. आमच्या मराठीत आपत्ती म्हणजे संकट आणि यातायात म्हणजे दगदग. मी खांबापाशी उभी राहून एकटीच हसले. घरी येऊन तिला नीट समजावून सांगायला हवं होतं. पण मला चहा हवा होता. "लिही की मग तुझ्या आपत्ती," म्हटलं आणि स्वयंपाकघरात गेले.

आम्ही जयपूरला आलो ते बाबांच्या विमा कंपनीतल्या शेवटच्या बदलीमुळे. त्यांनी इथे घर घेतलं, पुढे मला इथल्याच बँकेत नोकरी लागली आणि सांगलीला परत जाणं लांबत लांबत राहूनच गेलं. इतक्या वर्षांत आईला हिंदी आली नाही, कारण गरजच पडली नाही. भाजीवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांशी बाबाच बोलायचे. आई बाबांना मराठीत सांगायची, बाबा जगाला हिंदीत. चार वर्षांपूर्वी बाबा गेले. घर तिच्या नावावर झालं आणि घरात आम्ही दोघी उरलो.

बाबांच्या मागे ती धीर करून स्वतः बोलायला लागली होती. तेव्हाचा एक प्रसंग सांगायला हवा, मला आवडत नसला तरी. सांगलीहून मावशी यायची होती. समोरच्या घरातल्या भाभीजींना आईने हौसेने सांगितलं, "कल हमारे यहाँ पाहुणे आने वाले हैं." भाभीजी जयपूरजवळच्या चौमूं गावच्या. त्यांच्या बोलीत पावणा म्हणजे पाहुणा, पण जावईसुद्धा. मी चाळिशी ओलांडलेली, बिनलग्नाची. दुसऱ्या दिवशी भाभीजी लाडूंचा डबा घेऊन, नवी ओढणी घेऊन हजर! पावणा कुठे आहे म्हणून त्या आत डोकावत होत्या आणि आत मावशी पाय पसरून भुईमुगाच्या शेंगा सोलत बसली होती.

आज आठवून हसू येतं. तेव्हा माझं डोकं फिरलं. भाभीजींच्या देखतच मी आईला म्हणाले, "येत नाही तर बोलू नकोस ना!"

तिने माझं ऐकलं. आई आयुष्यात माझं फारसं काही ऐकत आली नाही, पण हे तेवढं ऐकलं.

आता झाडाविषयी. आमच्या फाटकाबाहेर, भिंत आणि डांबर यांच्यामधल्या पट्टीत एक कढीलिंब आहे. आईने माहेरच्या परसातलं रोपटं ओल्या फडक्यात गुंडाळून रेल्वेने आणलं होतं. अंगणात सगळी फरशी, म्हणून बाबांनी बाहेर खड्डा खणला. "जागा सरकारची, झाड आपलं," म्हणायचे. इथे कढीलिंबाला मीठा नीम म्हणतात आणि कढी इथेही रोज कुणाकडे तरी होतेच. त्यामुळे सकाळपासून फाटक वाजायचं. माँजी, दो डंडी ले लूँ? स्कूटरवरून कॉलेजला जाणारी एक मुलगी यायची, निवृत्त मास्तर यायचे, भाभीजी तर दिवसाआड. आई कात्री घेऊन बाहेर जायची आणि फांदी स्वतःच्या हाताने कापून द्यायची. ओरबाडलेलं तिला खपत नाही. मला वाटायचं, म्हातारीला झाडाची फार काळजी.

नोटिशीनंतर दोन दिवसांनी मोजणीवाले आले आणि पट्टीवर चुन्याची रेघ मारून गेले. रेघ कढीलिंबाच्या बुंध्याला भिडत होती आणि पलीकडून पुन्हा सुरू होत होती. मग मी कंबर कसली. शनिवारी वॉर्डाच्या कार्यालयात जाऊन तो जाडजूड अहवाल उघडून बसले. कुठल्या रस्त्यावर किती झाडं, कुठली, त्यांचं काय होणार, सगळ्याचा तक्ता होता. आमच्या गल्लीसमोर लिहिलं होतं: नीम दो, अशोक एक, अन्य झाड़ियाँ. मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. ज्याच्यासाठी बाबांनी हाताला फोड येईपर्यंत खणलं, ते अन्य झुडूप? तिथल्या कारकुनाला मी एवढ्या तावातावाने जाब विचारला, की त्याने मला पाणी दिलं.

घरी येऊन मी हरकतीचा अर्ज लिहिला. दोन पानी, शुद्ध हिंदीत, मुद्देसूद. उघडा चर खणण्याऐवजी नळी यंत्राने जमिनीखालून ओढून घेता येते, असं अहवालातच एके ठिकाणी लिहिलेलं मी हेरलं होतं. झाड वाचवायचंच, असा चंग बांधला होता. आईला वाचून दाखवलं. तिने मान डोलावली आणि म्हणाली, "मीपण येते रविवारी. मीही लिहिलंय."

तिच्या हातात कॅलेंडरचं जुनं पान होतं, चार घड्या घातलेलं. दाखव म्हटलं तर दाखवलं नाही. मीही हट्ट धरला नाही. माझा अर्ज पुरेसा होता ना!

सामुदायिक भवनात लग्नातल्या लाल खुर्च्या मांडल्या होत्या. समोर एक अधिकारी बाई, शेजारी कंपनीचा इंजिनीअर, कोपऱ्यातल्या टेबलाशी अर्ज गोळा करणारा कारकून. एका गृहस्थाला रस्ता परत कोण नीट करणार ते लेखी हवं होतं. एका बाईंना गळती झाली तर वास येतो का, हे विचारायचं होतं. कुणी म्हणे, सिलिंडरची कटकट संपेल, लवकर करा. आमचे मास्तर उभे राहिले आणि गॅस सोडून भटक्या कुत्र्यांवर बोलले. अधिकारी बाई सगळं शांतपणे ऐकत होत्या. माझा नंबर आला तेव्हा मी माझे मुद्दे मांडले. बरी बोलले. बाईंनी लिहून घेतलं आणि धन्यवाद म्हटलं. कढीलिंबाचं काय होणार, ते काही कळलं नाही.

मग त्यांनी पुढचा कागद उचलला आणि थबकल्या. उलटून पाहिलं, मागे कॅलेंडरच्या तारखा होत्या.

"ये शायद मराठी में है. कोई पढ़ देगा?"

मी आईकडे पाहिलं. ती मांडीवरच्या पिशवीचे बंद सारखे करत होती. सभागृहात मराठी वाचणारी दुसरी मीच. मी पुढे गेले, कागद घेतला आणि एकेक वाक्य मनात वाचून हिंदीत सांगायला लागले.

आईने लिहिलं होतं: "आपत्ती विचारल्यात म्हणून कळवते. माझे गुडघे दुखतात, ही पहिली. सिलिंडर संपला की मुलीला कामावर फोन करावा लागतो आणि ती चिडते, ही दुसरी. म्हणून गॅसची नळी यावी, लोकांची सोय होईल."

लोक हसले. मीही हसले. मग पुढचं दिसलं.

"तिसरी आपत्ती मोठी आहे. मुलगी सकाळी जाते, संध्याकाळी येते, दमलेली असते. माझी हिंदी चुकते म्हणून मी बोलणं सोडलं. पण दारात कढीलिंब आहे. तो न्यायला माणसं येतात, तेव्हा बोलावं लागतं. ती माणसं हसत नाहीत. झाड गेलं तर दिवसभरात माझ्याशी बोलायला कुणी येणार नाही."

 'बोलणं सोडलं' हे मी हिंदीत तीनदा चुकवलं. शुद्ध हिंदीवाली मी, मला शब्द सापडेना. सगळी गल्ली ऐकत होती आणि माझ्या घरात माझी आई एकटी आहे, हे मीच त्यांना सांगत होते.

शेवटी एक ओळ होती. "हे मुलीला सांगू नये, तिला वाईट वाटेल."

"और?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"बस, इतना ही," मी म्हणाले आणि कागद त्यांच्या हातात दिला.

 बाई इंजिनीअरकडे वळल्या आणि हळू आवाजात काही विचारलं. त्याने नकाशा उलगडला, बोट फिरवलं, मान हलवली. मग त्या मोठ्याने म्हणाल्या, की त्या घरासमोर उघडी खोदाई नको, नळी खालून काढावी, आणि तसं त्यांनी लिहून घेतलं. माझ्या दोन पानांत हेच मागितलेलं होतं. पण काम कॅलेंडरच्या पानाने केलं.

परतताना ई-रिक्षात आई म्हणाली, "शेवटचं वाचलं नाहीस."

"कुठलं?"

"असू दे."

मग मात्र मला आवरलं नाही. रिक्षावाला आरशातून बघत होता, तरी मी हमसून हमसून रडले. आईने पदराने माझं नाक पुसलं, मी पाच वर्षांची असल्यागत, आणि म्हणाली, "बघ. म्हणून म्हटलं होतं, सांगू नये."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघतच होते तर फाटक वाजलं. भाभीजी होत्या. आई कात्री शोधायला लागली. "नहीं माँजी, मीठा नीम तो घर में पड़ा है. ऐसे ही आई हूँ," म्हणत त्या आत आल्या आणि खुर्चीत बसल्या. आई त्यांना कढीत मेथी घालतात का, असं काहीतरी विचारत होती. दर वाक्यात एक चूक. माझ्या जिभेच्या टोकावर दुरुस्ती आली होती, ती गिळली आणि बाहेर पडले. त्या दिवसापासून मी निघताना घाई करत नाही आणि आल्यावर आधी तिच्याजवळ बसते, चहा नंतर. फार मोठं काही केलंय असं नाही. आधीच करायला हवं होतं.

पुढे काम सुरू झालं. गल्लीभर धूळ झाली, रस्त्याचं व्हायचं तेच झालं, मास्तरांनी अर्ज केला. आमच्या दोन्ही बाजूंना दोन खड्डे खणले आणि यंत्राने पिवळी नळी जमिनीखालून अलगद ओढून घेतली. गाडी मागे घेताना कढीलिंबाची एक फांदी मोडली. आईने ती सगळ्या गल्लीत वाटून टाकली.

परवा गॅसच्या जोडणीचा फॉर्म आला. घरमालकाची सही लागते, म्हणजे आईची. वर ठळक अक्षरांत 'अनापत्ति प्रमाण-पत्र' आणि खाली छापील वाक्य: मुझे कोई आपत्ति नहीं है. आईने चष्मा लावून ते दोनदा वाचलं. मला वाटलं, या वेळी तरी नीट सांगावं.

"आई, हिंदीत आपत्ति म्हणजे हरकत बरं का. संकट नव्हे."

"ठाऊक आहे. भाभीजींनी सांगितलं होतं, तेव्हाच."

"तेव्हाच म्हणजे? सभेच्या आधी?"

"हो. कढीलिंब न्यायला आल्या होत्या, तेव्हा विचारलं."

"मग तसं का लिहिलंस?"

"हरकत कसली घेणार? माझी कशालाच हरकत नव्हती," ती म्हणाली. "आपत्ती होती, ती लिहिली."

मग तिने पेन उघडलं आणि त्या छापील वाक्यावर तसंच धरून ठेवलं. फाटकाबाहेर पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. शाळेचा निकाल ऐकतानासुद्धा मी इतकी घाबरले नव्हते. तिने वाक्याच्या सुरुवातीला जागा शोधून बारीक अक्षरात मराठीत दोन शब्द लिहिले, 'गुडघे सोडून', आणि खाली सही केली.

मी फॉर्म तसाच दिला.