माझ्या वाटणीचा शेपू

शेपू घरात आला की दोघांना आधी कळायचं, बाबांना आणि मला. आई बाजाराची पिशवी दारात टेकवत असायची, जुडी कागदात गुंडाळून तळाशी, वर कांदे-बटाटे, तरी आतल्या खोलीतून बाबा ओरडायचे, "आणलंस तो मेलो शेपू?" आई कपाळावर हात मारायची. "काय ती बापलेकीची नाकां! पोलिसात नेऊन द्या दोघांक, कुत्रे तरी सुटतील."

आम्ही बोरिवली पूर्वेचे. आजोबा मिलमध्ये होते, बाबाही सुरुवातीची काही वर्षं मिलमध्ये आणि मग औषधांच्या एका कारखान्यात. मी दिंडोशीच्या कोर्टात टायपिंग करते. लग्न केलं नाही, आणि त्याबद्दल आता कोणी विचारतही नाही. घरात तिघंच. आईबाबा घरात मालवणी बोलतात. पण बाहेरचं माणूस समोर आलं की बाबांची भाषा एकदम इस्त्री केल्यासारखी होते. "या, बसा. पाणी घ्या. कसं काय चाललंय आपलं?" समोर कुरिअरवाला असला तरी हेच. मी आणि आई मागे उभ्या राहून तोंडावर हात धरून हसायचो.

शेपूवरून मला उपदेश करणाऱ्यांचा फार राग येतो. "अगं, खाऊन तर बघ, सवय होते." कसली डोंबलाची सवय! ओलं फडकं डब्यात बंद करून ठेवावं आणि वर मूठभर बडीशेप भुरभुरवावी, तसा मला तो लागतो. खाल्ला की दुसऱ्या दिवशीपर्यंत ढेकरांतून सोबत करतो. आईला त्याच पानात गावच्या घरामागचं परस आठवतं. जुडी तीच, कढई तीच, फोडणी तीच. आम्ही दोघं नखरे करत नव्हतो आणि आईही खोटं बोलत नव्हती. पुढे कधीतरी मी मोबाइलवर वाचलं, की वास ओळखण्याची नाकातली सोयच माणसामाणसात वेगळी असते आणि ती बरीचशी आईबापाकडून येते. काही जणांना कोथिंबिरीत साबण लागतो तो त्यामुळेच. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आईला लगेच वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे खोट तुझ्या बापाशीच्या घराण्यात. ता माका लग्नापासून म्हायत आसा."

वर्षातून एका दिवशी मात्र सुटका नव्हती. आमच्याकडे गौर येते त्या संध्याकाळी तिला तांदळाची भाकरी आणि शेपूच्या भाजीचा नैवेद्य. नैवेद्य दाखवला की तीच भाजी प्रत्येकाच्या ताटात, आणि प्रसाद टाकायचा नाही. याला आमच्या घरात माफी नाही. लहानपणी मी ताटासमोर बसून मुळुमुळु रडायचे. बाबा मुद्दाम माझ्या शेजारी बसायचे. आई भाकरी भाजायला वळली की त्यांचा हात माझ्या ताटात यायचा आणि माझी सगळी भाजी त्यांच्या ताटात जायची. मग ते श्वास धरायचे, डोळे घट्ट मिटायचे, दोघांचा शेपू एका घासात तोंडात कोंबायचे आणि वर घटाघटा पाणी. त्यांच्या अंगावर शहारा यायचा, तो मला दिसायचा. डोळे उघडले की माझ्याकडे बघून एक डोळा मिचकावायचे. मी चाळिशी ओलांडली तरी हे चालू होतं. आईला ठाऊक नव्हतं असं नाही. त्या दिवशी ती जरा जास्तच वेळ पाठ करून बसायची.

गेल्या वर्षीच्या गौरीला बाबांचा हात माझ्या ताटात आला नाही. ते आपलं ताट संपवत होते. भाकरीचा तुकडा मोडून, त्यात भाजी नीट धरून, चावून चावून. डोळे उघडे, श्वास चालू. मी बघतच राहिले. ताट पुसून झालं तसे ते म्हणाले, "वायच आणखी वाढ गो."

आईच्या हातातलं उलथणं हवेतच राहिलं. मग ती हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरले. "गौर पावली गो बाय माझी! इतक्या वर्षांनी माणसाक चव कळली!" तिने आधी गौरीसमोर जाऊन डोकं टेकलं, मग शेजारच्या काकींना हाक मारली. काकींसमोर बाबांनी आणखी एकदा भाजी घेतली. "देवीची कृपा, दुसरं काय!" काकी म्हणाल्या. बाबा ओशाळून हसत होते. माझी भाजीही आईनेच त्यांच्या ताटात सरकवली. "घेवा, आता तुमकाच आवडता."

जन्माचं नाक एका संध्याकाळात बदलत नाही.

"बाबा, तुम्हाला वास नाही येत?"

"कसलो वास?"

"आई, ह्यांना वास येत नाहीये. हे काही चांगलं नाही हां."

"गप ऱ्हव!" आई केवढ्याने ओरडली! "गौर घरात बसली आसा आणि तू वायट बोलतंस? बापाशीन एक घास सुखान खाल्ल्यान ता तुका बघवत नाय?"

सणाच्या दिवशी वाईट बोललं की ते खरं होतं, असं आमच्याकडे मानतात. मीही मानते थोडंसं, खोटं कशाला सांगू. काकी माझ्याकडे बघत होत्या. मी उठून हात धुतले.

गणपती गेल्यावर एका रविवारी मी बाबांना म्हटलं, डोळे मिटा, एक गंमत करू. फ्रीजमधल्या शेपूच्या चार काड्या मुठीत चुरगळल्या आणि मूठ त्यांच्या नाकापाशी धरली. मला स्वतःला मळमळत होतं. बाबा डोळे मिटून, हसऱ्या तोंडाने वाट बघत बसले. बसलेच.

"आण मगे," ते म्हणाले. "किती वेळ लावतंस?"

माझी मूठ त्यांच्या मिशीला टेकलेली होती.

आईला सांगितलं तर म्हणाली, सर्दी असणार. तिने त्यांना वाफ दिली, छातीला बाम चोळला, आल्याचा काढा पाजला. बाबांनी सगळं गुमान करून घेतलं. घरभर बामाचा वास भरला होता आणि बाबा त्याच्या मधोमध पेपर वाचत बसले होते.

मासळी आणायचं काम पहिल्यापासून बाबांचं. त्यांना कल्ले उघडून बघावे लागत नसत, टोपलीवर नुसते वाकले तरी ताजं-शिळं कळायचं. दिवाळीच्या आधी त्यांनी बांगडे आणले. आईने पिशवी उघडली आणि नाकाला पदर लावला. "मेलीन म्हाताऱ्याक फसवल्यान!" ती तशीच पिशवी घेऊन बाजारात भांडायला निघाली, तिला आवरायला मी मागोमाग. मासळीवाली मावशी आमची जुनी. ती आवाज न चढवता आईला म्हणाली, "फसवलं नाय वहिनी, गळ्याशपथ. मी ते फेकायला बाजूला ठेवलेले. काकांनी स्वतः वाकून उचलले. मला वाटलं मांजरांना नेतायत." आईने बांगडे तिथेच ठेवले आणि आम्ही परत आलो. वाटेत तिने माझा दंड धरला होता, तो सोसायटीच्या गेटपर्यंत सोडला नाही.

डॉक्टरांकडे तिनेच न्यायला लावलं. डॉक्टर तरुण होते, शांत होते. बाबा त्यांच्याशी इस्त्रीच्या मराठीत बोलले. "मला काहीही त्रास नाही, साहेब. मुलगी उगाच काळजी करते." डॉक्टरांनी तपासलं, एकदोन गोष्टी हुंगायला दिल्या. वयानुसार नाक मंदावतं म्हणाले, त्याला फारसं औषध नाही. मग बाबांना बाहेर बसवून मला विचारलं, "नावं विसरतात का? ओळखीचा रस्ता चुकतात?" मी म्हटलं, नाही. "मग ठीक आहे. पण लक्ष ठेवा. काही जणांत आधी नाक जातं." त्यानंतर काय जातं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला भीती वाटली, सरळ सांगते.

लक्ष ठेवा! म्हणजे काय करायचं माणसाने? चष्मा कपाळावर आणि शोधतायत टेबलावर, हे तर ते माझ्या लहानपणापासून करतात. मग तेच बघून आता छातीत का धडधडतं? एकदा त्यांनी मला आत्याच्या नावाने हाक मारली. मी स्वतःला समजावलं, होतं असं, मी नाही का एकदा कोर्टात साहेबांना "आई" म्हणाले. एकदा ते शेजारच्या इमारतीचा जिना चढून दुसऱ्यांच्या दाराला किल्ली लावत होते. वॉचमन हसत हसत घेऊन आला. मीही हसले, आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

उन्हाळ्यात एकदा कोर्टातून लवकर सुटले. जिन्यातच गॅसचा वास आला. पहिल्या मजल्यावर वाटलं कोणाच्या तरी घरातला असेल, दुसऱ्यावर मी धावायला लागले, कारण तिसऱ्यावर आम्हीच. दार नुसतं लोटलेलं, आई काकींकडे पापड लाटायला गेलेली. ओट्यावर दूध उतू जाऊन बर्नर विझला होता, बटण चालू, आणि गॅस सुसाट. बाबा शांतपणे समोर उभे. हातात लायटर.

"बाबा, हात खाली!"

"चाय करतंय," ते म्हणाले. "इझलो बघ. परत पेटवतंय."

मी लायटर हिसकावला, बटण बंद केलं, खिडक्या सताड उघडल्या. दिव्याच्या बटणाकडे जाणारा त्यांचा हात धरून त्यांना ओढत जिन्यात आणलं. मग मात्र माझा तोल गेला. जिन्यात उभी राहून मी बापावर ओरडले, वाट्टेल ते बोलले. एवढा वास मारतोय, अख्ख्या बिल्डिंगची वाट लागली असती, तुम्हाला कळत कसं नाही! बाबा मान खाली घालून ऐकत होते. "माका कळला नाय गो बाय," एवढंच म्हणाले. मी पायरीवर बसले आणि हमसून हमसून रडले. ते माझ्या डोक्यावर हात फिरवत राहिले. कशासाठी रडतेय ते त्यांना समजलं होतं की नाही, देव जाणे.

त्यानंतर आई सिलिंडरचा कॉक बंद केल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. गौर पावली हे शब्द मी तिच्या तोंडून पुन्हा ऐकले नाहीत.

यंदा गौरीच्या आदल्या दिवशी ती पिशवी हातात घेऊन बराच वेळ दारात उभी होती. "मेथी केली तर चलात काय गो?" तिने विचारलं. गौरीला मेथी! माझ्या आईने! मी म्हटलं, "तू ठरव." ती गेली आणि शेपूच घेऊन आली. पिशवी दारात टेकवली, जुडी तळाशी, वर कांदे-बटाटे. मला लगेच वास आला. आम्ही दोघी नकळत आतल्या खोलीकडे बघत थांबलो. तिथून कोणी ओरडलं नाही.

संध्याकाळी नैवेद्य झाला, पानं वाढली. मी बाबांच्या शेजारी बसले, मुद्दाम. आई भाकरी भाजायला वळली ती वळलीच, तव्यावर भाकरी नव्हती तरी पाठ करून बसली. मी माझं ताट बाबांच्या बाजूला सरकवलं. आणखी थोडं सरकवलं. आपली भाजी संपवून त्यांनी माझ्या ताटाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. त्यांचा हात उचलला गेला, माझ्या ताटाच्या काठाशी आला, आणि मला वाटलं, आला! आठवलं!

त्यांनी ताट हळूच माझ्यापुढे परत सारलं.

"ताई, प्रसाद असा टाकू नये," ते म्हणाले. "खाऊन घ्या."

आईची पाठ हलली नाही. तवा तापून धूर निघत होता, तरी ती तशीच बसली होती.

"हो, खाते," मी म्हटलं. श्वास धरला, डोळे घट्ट मिटले, सगळा शेपू एका घासात तोंडात कोंबला आणि वर पाणी प्यायले. अंगावर शहारा आला. डोळे उघडले ते सवयीने बाबांकडेच गेले.

ते आईकडे बघत होते. "वायच आणखी वाढ गो," ते म्हणाले. "आणि ह्या ताईंका पण वाढ."