नानांच्या घागरीतली वाइन

आमच्या नानांनी जिवंतपणी दारूच्या थेंबाला हात लावला नाही. गेल्यावर मात्र त्यांनी अर्धी बाटली वाइन संपवली, असं मी एक अख्खी दुपार धरून चाललो होतो.

नाना म्हणजे माझे वडील. जाण्याआधी त्यांनी माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला. "दारूले शिवनार नाही म्हन." मी तसं म्हटलं. (मी खामगावात शाळामास्तर. म्हणायला सांगितलेलं म्हणायची सवय असते.)

पुढच्या आखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बहीण माहेरी आली. सोबत तिचा नाशिकचा नवरा आणि त्याच्या पिशवीत पांढऱ्या वाइनची बाटली.

"हिच्यासोबत तळलेली कुरडई, पापड, असं खारट-कुरकुरीत घ्यायचं," जावईबापू कुजबुजले. "वांग्याची झणझणीत भाजी नको, चव मरते. आणि गारच हवी."

"फ्रिज आईच्या ताब्यात आहे."

"मग?"

मग मी डोकं चालवलं, तिथंच घोळ झाला. मागच्या खोलीत अमडापूरच्या बाजारातून आणलेल्या दोन लहानशा कोऱ्या मातीच्या घागरी होत्या. आखजीला पितरांपुढं पाणी भरून मांडायला एकच लागते. सकाळीच दुसरीत बाटली ओतली, तर ती काठोकाठ भरली. शपथ वाइनला लागू होते की नाही, यावर दुपारी विचार करू म्हटलं.

दुपारी जाऊन पाहतो तर एकच घागर, तीही रिकामी! दुसरी आयतीच भरलेली दिसली म्हणून बायकोनं नानांच्या फोटोपुढं मांडली होती. वर आंबा, शेजारी पुरणपोळीचं पान. पितरांना निवांत जेवता यावं म्हणून आईनं खोलीचं दार लोटून घेतलं होतं.

मी हळूच आत शिरलो. लाइट गेलेली, पंखा बंद, उदाचा धूर जागच्या जागी थांबलेला. आंबा उचलला. वाइन चार बोटं खाली गेली होती.

खोलीत कोणी आलं नव्हतं. तेवढ्यात जेवायला हाक आली. कसाबसा रस-पोळी गिळून परत आलो, तर घागर अर्धी. खोलीभर पिकल्या द्राक्षांचा वास. घागरीला हात लावला. बाहेर एवढं ऊन, आणि ती नानांच्या शेवटच्या दिवशीच्या हातासारखी गार. फोटोतले नाना नेहमीपेक्षा जरा खुशीत दिसत होते.

"नाना, चुकलो," मी हात जोडले. "तुमाले पाजाची नव्हती. मले प्याची होती."

"काय प्याची होती रे?"

आवाज मागून आला. दारात आई उभी होती. मी सगळं ओकलो. ती पुढं झाली, घागर उचलली, बुडाला हात फिरवला. खालचा पाट चिंब झाला होता.

"कोरी घागर रातभर पान्यात भिजू घालाव लागते. नाही त भरलेलं आधी थेच पिऊन घेते, मंग पाझरते, मंग गार होते." तिनं उरलेली वाइन तुळशीपासून लांब, मोरीत ओतली. फोटोकडं पाहून पदरानं डोळे पुसले. "राह्यली तुमच्या पोराची शपथ. त्याले जमलं नसतं, घागरीनं राखली."

मग माझ्याकडं वळली.

"एवढं मालूम नाही तुले? शाळेत पोरायले शिकवतं तरी काय?"

"विज्ञान," मी म्हणालो. "माठातलं पाणी गार का होतं, तो धडा दरवर्षी माझ्याकडंच असतो."