रिकामा धोटा

बेळगावला बदली झाली तेव्हा मी नुकताच कोकणातून आलेला, जिभेचा तिखट आणि शांततेचा भोक्ता. कचेरीत सगळ्यांनी बजावलं, "कॅम्पात घर घ्या. मोकळी हवा, गडबड नाही." मलाही तेच हवं होतं. पण बायकोने दोन्हीकडची घरं पाहिली आणि शहापुरात विणकरांच्या गल्लीत पाय रोवले. म्हणाली, "कॅम्पात हाक मारली तर ओ कोण देणार? झाडं?" आमचं पहिलं मूल गेलेलं, दुसरी मुलगी तिच्या कडेवर. मी सामान शहापुरात उतरवलं.

भिंतीपलीकडे शेजारच्या अण्णांचा हातमाग. उजाडलं की सुताची कांडी घातलेला धोटा इकडून तिकडे धावू लागे, खटक-खटक सुरू. मी कानांत बोळे घालून कुरकुरायचो; मुलगी मात्र त्या आवाजात गाढ झोपायची. गल्ली होती मात्र पाहण्यासारखी. दारोदार रंगवलेलं ओलं सूत वाळत असे, पण एकाच्या सुताला दुसऱ्याच्या पोराचा हात लागत नसे. असली शिस्त मी आमच्या कचेरीतही पाहिली नव्हती.

एकदा मुलगी तापाने फणफणली. रात्रभर रडली. सकाळी डॉक्टर औषध देऊन म्हणाले, "आता झोप लागली तर पोर तरेल." डॉक्टर गेले आणि लक्षात आलं, गल्ली चिडीचूप आहे. अमावास्या! त्या दिवशी कुणी विणायचं नाही, हा तिथला पिढ्यान्‌पिढ्यांचा नेम. जन्मात पहिल्यांदा मला शांततेची भीती वाटली.

बायको दारात जाऊन ओरडली, "अण्णा, पोर झोपत नाही हो!"

अण्णा आले, मुलीच्या कपाळाला हात लावून परतले. पलीकडून त्यांच्या आईचा आवाज आला, "आरं, आज आवस हाय!"

"व्हय गं आई. पर धोट्यात सूतच न्हाय, मग इणतंय कोण? नुसता इकडनं तिकडं फिरवतो."

आणि माग सुरू झाला. दिवेलागणीपर्यंत तो माणूस रिकामा धोटा फेकत राहिला. बोटभरही कापड विणलं गेलं नाही. मुलगी झोपली. तिन्हीसांजेला तिला घाम फुटला, अंग निवलं. मी त्या भिंतीला डोकं टेकून रडलो.

पुढे कॅम्पात सरकारी बंगली मिळत होती. बायको माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"नको," मी म्हणालो. "तिथे अमावास्येला माग कोण चालवील?"